मॅक्‌डॅनिएल, हॅटी

मॅक्‌डॅनिएल, हॅटी : (१० जून १८९३–२६ ऑक्टोबर १९५२). अमेरिकन चरित्र-अभिनेत्री व गायिका. ऑस्कर पारितोषिक मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत. गॉन विथ द विंड (१९३९) या चित्रपटातील मॅमी या दाईच्या भूमिकेमुळे तिचे नाव जगभर झाले. १९३२ ते १९४९ या सतरा वर्षांत ती असंख्य चित्रपटांतून पडद्यावर आली आणि त्यांपैकी बहुतेकांत ती स्वयंपाकीण, मोलकरीण किंवा दाई होती. कृष्णवर्णीय नटांसाठी हॉलिवुडने त्या काळी जवळजवळ एवढेच एक दार उघडे ठेवले होते. त्या दारातून आत जाऊन तिने आपल्या लोकांची अप्रतिष्ठा केली, की अप्रतिष्ठेच्या भूमिकांतही माणूस उभा केला, हा वाद तिच्या हयातीतच सुरू झाला आणि तिच्या अखेरच्या वर्षांवर त्याचीच छाया पडली.

१९३० नंतरच्या दोन दशकांत हॉलिवुडमधील चित्रपटनिर्मिती मोजक्या मोठ्या स्टुडिओंच्या हाती एकवटलेली होती. हे स्टुडिओ नटनट्यांना ठराविक मुदतीच्या करारांनी बांधून घेत आणि नायक-नायिकांच्या जोडीला दुय्यम भूमिका करणाऱ्या अनुभवी नटांचा मोठा संच सतत हाताशी ठेवीत. खाष्ट आत्या, भोळा पोलीस, हॉटेलातील चौकस कारकून, दारुडा वार्ताहर अशा भूमिकांत तेच ते चेहरे दिसत. प्रेक्षकांना त्यांची नावे ठाऊक नसली, तरी चेहऱ्यांची ओळख असे. अशा नटाला आपल्या पात्राची पूर्वकथा सांगण्यास अवसर नसे. दारातून आत येताच, दोन-चार वाक्यांत पात्र उभे करून बाजूला व्हावयाचे, हीच त्याच्या कलेची कसोटी होती. गोऱ्या चरित्र-अभिनेत्याला निदान भूमिकांचा प्रकार बदलता येई. थॉमस मिचेल हा १९३९ या एकाच वर्षी स्टेजकोचमध्ये व्यसनी डॉक्टर आणि गॉन विथ द विंडमध्ये नायिकेचा जमीनदार बाप झाला. कृष्णवर्णीय नटाला ही मुभा नव्हती. दक्षिणेकडील राज्यांतील चित्रपटगृहांचे मालक व प्रेक्षक नाराज होतील, ही भीती स्टुडिओंना नेहमी वाटे. १९३४ पासून काटेकोरपणे अंमलात आलेल्या निर्मिति-संहितेने गोऱ्या व काळ्या पात्रांमधील प्रणयसंबंध पडद्यावर दाखविण्यास बंदीच घातली होती. त्यामुळे कथेत कृष्णवर्णीय पात्र आलेच, तर ते स्वयंपाकघरातून, तबेल्यातून किंवा आगगाडीच्या डब्यातील हमालाच्या वेषात येई.

धिप्पाड, प्रेमळ, फटकळ आणि धन्याच्या घराशी एकनिष्ठ अशा दाईची प्रतिमा चित्रपटांनी निर्माण केलेली नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या मिन्‌स्ट्रेल खेळांतून ती आली. या खेळांत गोरे नट तोंडाला काळे फासून गुलामांच्या बोलण्याची व गाण्याची नक्कल करीत. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली. परंतु गुलामांना आपल्या धन्यांचा लळा होता, ही समजूत रंगभूमीने आणि कादंबऱ्यांनी जिवंत ठेवली. पुढे कृष्णवर्णीय नटांनीही हे खेळ आपलेसे केले. काहींनी पोटासाठी, तर काहींनी त्या नकलेचीच नक्कल करून तिची फजिती करण्यासाठी ते केले. हॅटीच्या कलेचे मूळ या दुसऱ्या परंपरेत आहे, आणि ते ध्यानी घेतल्यावाचून तिच्या पडद्यावरील कामाचा नीट उलगडा होत नाही.

तिचा जन्म कॅनझस राज्यातील विचिटा येथे झाला. जन्मवर्ष काही ठिकाणी, तिच्या थडग्यावरील शिळेवरही, १८९५ असे दिलेले आढळते. तेरा अपत्यांत ती सर्वांत धाकटी. तिचे आईवडील दोघेही जन्माने गुलाम. वडील हेन्री यादवी युद्धात उत्तरेकडील सैन्याच्या कृष्णवर्णीय पलटणीतून लढले होते. युद्धातील दुखापतींनी ते कायमचे अधू झाले आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना सरकारदरबारी अनेक वर्षे खेटे घालावे लागले. आई सुझन चर्चमध्ये भक्तिगीते गाई आणि लोकांच्या घरी काम करी. कुटुंब पुढे कोलोरॅडो राज्यात गेले व डेन्व्हर येथे स्थायिक झाले. तेथील शाळेत गोरी व काळी मुले एकत्र शिकत, आणि हॅटीच्या पाठांतराचे व गाण्याचे शिक्षकांना कौतुक वाटे. १९१० मध्ये दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या एका स्त्रीसंघटनेने घेतलेल्या काव्यपठनाच्या स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर तिने शाळा सोडली आणि भाऊ ओटिस याच्या फिरत्या खेळात ती सामील झाली.

१९१४ च्या सुमारास हॅटीने आपल्या बहिणीसह केवळ स्त्रियांचा असा एक मिन्‌स्ट्रेल संच उभारला. डेन्व्हरच्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांसमोर ती दाईचे सोंग आणी, पण ते अशा अतिशयोक्तीने रंगवी, की हसू दाईचे नव्हे, तर दाईविषयीच्या गोऱ्यांच्या समजुतीचे व्हावे. प्रेक्षक आपलेच असल्यामुळे हा टोला नेमका लागू पडे. हीच दाई वीस वर्षांनी तिला अशा प्रेक्षकांपुढे उभी करावी लागली, की ज्यांच्यातील बहुसंख्यांना त्यात टोला आहे याची कल्पनाही नव्हती.

१९२० नंतर ती जॉर्ज मॉरिसन याच्या वाद्यवृंदाबरोबर गायिका म्हणून देशभर हिंडली. डेन्व्हरच्या नभोवाणी केंद्रावरून ती गायिली. अमेरिकन नभोवाणीवर गाणाऱ्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांत तिची गणना होते. १९२६ ते १९२९ या काळात शिकागो येथे तिच्या ब्लूज गीतांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतील अनेक गीते तिने स्वतः रचलेली होती. १९२९ च्या आर्थिक कोसळीबरोबर फिरत्या नाटक मंडळ्या बंद पडल्या. मिलवॉकी शहरात तिला काम मिळाले ते एका रात्रमंडळाच्या स्त्रियांच्या प्रसाधनगृहात सेविका म्हणून. तेथे रंगमंचावर फक्त गोरे कलावंत गात. एका रात्री गायक कमी पडल्यामुळे तिला गाण्याची संधी मिळाली, आणि त्यानंतर सुमारे वर्षभर ती तेथील प्रमुख आकर्षण ठरली.

१९३१ मध्ये ती लॉस अँजेल्सला आली. भाऊ सॅम आणि बहिणी एटा व ऑर्लीना तेथे अगोदरच होत्या. सॅमच्या ओळखीने तिला नभोवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमात काम मिळाले. त्यात ती हाय-हॅट हॅटी या नावाची, आपली पायरी सतत विसरणारी तोंडाळ मोलकरीण होई. कार्यक्रम लोकप्रिय झाला, पण मानधन इतके तुटपुंजे होते, की घर चालविण्यासाठी तिला खरोखरच लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करावे लागे. पडद्यावर सातशे डॉलरला मोलकरीण होणे हे प्रत्यक्षात सात डॉलरला मोलकरीण होण्यापेक्षा बरे, अशा आशयाचे जे उद्‌गार तिच्या नावावर सांगितले जातात, त्यांच्यामागे हा अनुभव होता. पुष्कळदा ते केवळ हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून उद्‌धृत केले जातात, हे योग्य नाही.

द गोल्डन वेस्ट (१९३२) हा तिचा पहिला चित्रपट. सुरुवातीच्या अनेक चित्रपटांत श्रेयनामावलीत तिचे नावही नसे. मार्लीन डीट्रिख हिच्या ब्लाँड व्हीनस (१९३२) मधील भूमिका त्यांपैकीच एक. जॉन फोर्ड दिग्दर्शित जज प्रीस्ट (१९३४) मध्ये तिला प्रथम नजरेत भरेल असा अवसर मिळाला. लोकप्रिय नट विल रॉजर्स याच्याबरोबर तिने त्यात गाणेही गायिले. याच वर्षी ती नटांच्या संघाची, म्हणजे स्क्रीन ॲक्टर्स गिल्डची, सभासद झाली. शर्ली टेंपल या बालतारकेबरोबरच्या द लिट्ल कर्नल (१९३५) या चित्रपटाने जुन्या दक्षिणेचे गुलाबी चित्र रंगविले होते, आणि कृष्णवर्णीय वृत्तपत्रांना तो रुचला नाही.

ॲलिस ॲडम्स (१९३५) मधील तिचे काम मात्र वेगळे आहे. जॉर्ज स्टीव्हन्स दिग्दर्शित या चित्रपटात कॅथरिन हेपबर्न ही आपल्या मध्यमवर्गीय घराची गरिबी लपवू पाहणारी तरुणी आहे. श्रीमंत तरुणाला जेवावयास बोलावले म्हणून एका रात्रीपुरती मोलकरीण आणली जाते. ती मॅक्‌डॅनिएलची मॅलीना. असह्य उकाड्याची संध्याकाळ, त्यात वाफाळणारे सूप, डोक्यावरून घसरणारी कडक इस्त्रीची टोपी आणि तोंडात चघळण्याचा डिंक. मॅलीना आज्ञाभंग करीत नाही, उलट उत्तरही देत नाही. ती फक्त सावकाश चालते, पुरेसे ऐकत नाही, आणि ताट पुढे करताना यजमानांच्या थाटावर तिला काय वाटते ते तिच्या पापण्यांवरून कळते. सगळा बनाव तिला कळला आहे आणि तिला तो कळला आहे हे प्रेक्षकांना कळते. काही मिनिटांच्या या प्रवेशात ती नायिकेवर मात करते. दक्षिणेतील काही गोऱ्या प्रेक्षकांना हे खटकले. दुय्यम पात्राने, तेही कृष्णवर्णीय पात्राने, प्रवेश खाऊन टाकावा हे त्यांना मानवले नाही. त्यांचा राग अस्थानी असला, तरी त्यांचे निरीक्षण अचूक होते.

जेम्स व्हेल दिग्दर्शित शो बोट (१९३६) मध्ये तिने क्वीनी ही स्वयंपाकीण रंगविली. पॉल रोब्सन या थोर गायक-नटाबरोबरचे तिचे द्वंद्वगीत म्हणजे पडद्यावर दुर्मिळ असलेले एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या लाडिक भांडणाचे चित्र होय. ती मुळात गायिका होती, याची आठवण देणारे तिचे चित्रपट थोडेच. त्यांत हा अग्रगण्य ठरतो.

मार्गारेट मिचेल हिच्या कादंबरीवर गॉन विथ द विंड काढण्याची निर्माता डेव्हिड ओ. सेल्झनिक याने घोषणा केली, तेव्हापासूनच कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी त्याच्याशी पत्रव्यवहार सुरू केला होता. कादंबरीत गुलामगिरीचे समर्थन आणि कू क्लक्स क्लॅन या हिंसक संघटनेचा गौरव होता. दडपणामुळे सेल्झनिकने क्लॅनचा नामनिर्देश गाळला आणि कृष्णवर्णीयांना उद्देशून वापरली जाणारी सर्वांत अपमानास्पद शिवीही संवादांतून काढून टाकली. चित्रपटाचा मूळ दृष्टिकोन मात्र बदलला नाही. मॅमीच्या भूमिकेसाठी अनेक अभिनेत्रींची चाचणी झाली, आणि ती मॅक्‌डॅनिएलकडे आली.

कथेत मॅमी स्कार्लेट ओहाराच्या कुटुंबाची गुलाम, पुढे मुक्त झाल्यावरही तिच्याजवळच राहिलेली दाई. तिला घरदार, मुलेबाळे, आपली अशी एकही इच्छा लेखकाने दिलेली नाही. तिला स्वतःचे नावसुद्धा नाही. या पोकळीत मॅक्‌डॅनिएलने जे भरले ते बहुतांशी आवाज, नजर आणि वेळेचे भान यांच्या साहाय्याने. कॉर्सेटच्या नाड्या आवळताना स्कार्लेटला ती दटावते, त्या प्रवेशात नाते धनीण आणि गुलाम यांचे राहात नाही. घरातील शहाणपण कोणाकडे आहे ते स्पष्ट होते. रेट बटलरने दिलेला लाल रेशमी परकर नेसून ती लाजत चालते, तेव्हा आपल्याही अंगावर काही सुंदर असावे अशी या बाईची हौस क्षणभर दिसून जाते. आणि उत्तरार्धात, रेटच्या लहान मुलीच्या मृत्यूनंतर, मेलनीला जिन्यावरून वर नेत असताना मॅमी घरात काय घडले ते सांगते: बाप मुलीला पुरू देत नाही, कारण तिला अंधाराची भीती वाटत असे. दोन बायका पायऱ्या चढत आहेत, एक बोलते आहे आणि दुसरी ऐकते आहे, एवढेच दृश्य. आक्रोश नाही. शब्द अडखळतात, गळा दाटतो, आणि पुन्हा पायरी चढली जाते. अमेरिकन चित्रपटांतील चरित्र-अभिनयाचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून हा प्रवेश नेहमी दाखविला जातो. मेलनीची भूमिका करणारी ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड हीच पुढे पारितोषिकासाठी तिची प्रतिस्पर्धी ठरली.

चित्रपटाचा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे झाला. तेथील कायद्यांनुसार गोऱ्यांबरोबर चित्रपटगृहात बसणे कृष्णवर्णीय नटांना शक्य नव्हते. त्यामुळे मॅक्‌डॅनिएल समारंभाला गेली नाही, आणि दक्षिणेत वाटावयाच्या स्मरणपत्रिकेवरून तिचे छायाचित्रही काढून टाकण्यात आले. नायक क्लार्क गेबल याने या कारणास्तव स्वतःही जाण्यास नकार दिला होता आणि तिच्याच आग्रहावरून तो गेला, असे सांगितले जाते.

पारितोषिकांचा समारंभ २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस अँजेल्समधील अँबॅसडर हॉटेलच्या कोकोनट ग्रोव्ह या दालनात झाला. हे हॉटेल कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नसे. सेल्झनिकने खास शब्द टाकल्यावर तिला आत येऊ दिले गेले. तिची जागा चित्रपटातील इतर नटांच्या टेबलाशी नव्हती. दूर भिंतीलगत एका लहान टेबलाशी तिला तिच्या सोबत्याबरोबर व प्रतिनिधीबरोबर बसविण्यात आले होते. केसांत गार्डिनियाची पांढरी फुले माळून ती पुढे आली, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक तिने फे बेंटर हिच्या हातून स्वीकारले आणि आपल्या वंशाला व चित्रपटव्यवसायाला भूषण ठरावे अशी इच्छा थोडक्यात व्यक्त केली. सहायक भूमिकांसाठी त्या काळी पुतळा देत नसत, लहानशी पट्टिका देत. त्याच रात्री थॉमस मिचेलला स्टेजकोचमधील डॉक्टरच्या भूमिकेसाठी तशीच पट्टिका मिळाली. एखाद्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला पुन्हा ऑस्कर मिळण्यास त्यानंतर एकावन्न वर्षे लागली. १९९१ मध्ये ते वूपी गोल्डबर्ग हिला मिळाले.

या यशाने तिच्यापुढील भूमिकांत बदल झाला नाही. सेल्झनिकने तिला करारबद्ध केले, इतर स्टुडिओंना उसनी दिली, आणि तिने पुन्हा पुन्हा मॅमीच उभी केली. अपवाद जॉन ह्यूस्टन दिग्दर्शित इन धिस अवर लाइफ (१९४२) या चित्रपटाचा. त्यात एका श्रीमंत गोऱ्या मुलीच्या मोटारीखाली माणसे चिरडली जातात आणि ती दोष घरच्या मोलकरणीच्या, कायद्याचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मुलावर ढकलते. मुलाची आई मिनर्व्हा झालेली मॅक्‌डॅनिएल पोलिसांनी आपल्या मुलाचे ऐकूनच घेतले नाही, हे अगदी सपाट स्वरात सांगते. येथे विनोद नाही, फटकळपणा नाही, ठेका धरलेली बोली नाही. वेगळ्या परिस्थितीत तिच्याकडून काय काय घडले असते, याचा अंदाज या लहान प्रवेशावरून येतो.

कृष्णवर्णीय समाजातून तिच्यावर होणारी टीका आता तीव्र झाली. नाट्यलेखक कार्लटन मॉस याने सेल्झनिकला उद्देशून १९४० मध्ये लिहिलेल्या अनावृत पत्रात, स्वतःच्या लोकांना बेड्यांत ठेवणाऱ्या कुटुंबावर मॅमी जीव टाकते, या विसंगतीवर नेमके बोट ठेवले होते. कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचा (एन्‌एएसीपी) कार्यवाह वॉल्टर व्हाइट १९४२ मध्ये हॉलिवुडला आला आणि त्याने स्टुडिओंच्या प्रमुखांकडून कृष्णवर्णीयांचे अधिक प्रतिष्ठित चित्रण करण्याचे आश्वासन मिळविले. त्या वेळी महायुद्ध चालू होते; वंशवादी शत्रूशी लढणाऱ्या देशाने आपल्याच दहा टक्के लोकांना विदूषक म्हणून दाखवावे, हे दिसण्यास बरे नव्हते. व्हाइटने बोलणी केली ती गोऱ्या निर्मात्यांशी. दहा-दहा वर्षे स्टुडिओंत राबलेल्या कृष्णवर्णीय नटांना त्याने विश्वासात घेतले नाही, आणि मॅक्‌डॅनिएलला याचा मनस्वी संताप आला. आपण संवादांतील अपमानास्पद शब्द बदलून घेतो, बोलीची विकृती शक्य तेथे टाळतो, आणि नव्या नटांसाठी वाट मोकळी करतो, असे तिचे म्हणणे होते.

दोन्ही पक्षांना आपापल्या परीने न्याय द्यावा लागतो. व्हाइटचा मुद्दा बरोबर होता. पडद्यावरील एका प्रतिमेने कोट्यवधी लोकांची समजूत घडते, आणि एका अभिनेत्रीच्या कौशल्याने ती प्रतिमा अधिकच पटण्याजोगी होते; वाईट नटीने केलेली मॅमी कदाचित कमी घातक ठरली असती. परंतु भूमिका लिहिणारे, त्यांवर पैसे लावणारे आणि नफा मिळविणारे वेगळेच होते, आणि लोकांच्या रोषाला तोंड द्यावे लागले ते ती भूमिका करणाऱ्या स्त्रीला. स्टुडिओंनी आश्वासन दिले खरे. पण घरगुती नोकरांच्या भूमिका कमी झाल्या तितक्या प्रमाणात नव्या भूमिका निर्माण झाल्या नाहीत. लीना हॉर्नसारखी एखादी देखणी गायिका पुढे आली, आणि तिचीही गाणी दक्षिणेत कापून टाकता यावीत अशा बेताने चित्रित केली जात. वॉल्ट डिझ्नीच्या साँग ऑफ द साउथ (१९४६) या चित्रपटात मॅक्‌डॅनिएलने पुन्हा दाईचे काम केले, तेव्हा चित्रपटगृहांसमोर निदर्शने झाली.

तिच्या टीकाकारांनी फारशी दखल न घेतलेली एक घटना याच काळातील आहे. लॉस अँजेल्सच्या वेस्ट ॲडम्स हाइट्स या टेकडीवजा भागात तिने मोठे घर घेतले होते. लुईस बीव्हर्स, एथेल वॉटर्स या अभिनेत्री आणि काही कृष्णवर्णीय डॉक्टर व व्यावसायिकही तेथे राहावयास आले. लोक त्या भागाला शुगर हिल म्हणू लागले. तेथील जुन्या खरेदीखतांत, ही घरे कृष्णवर्णीयांना विकू वा वापरू देऊ नयेत, अशी अट होती. अमेरिकेच्या अनेक शहरांत अशा निर्बंधक करारांच्या आधारे वस्त्या वेगळ्या ठेवल्या जात असत. काही गोऱ्या रहिवाशांनी या अटीवर बोट ठेवून मॅक्‌डॅनिएल व इतरांना घराबाहेर काढण्यासाठी दावा लावला. तिने शेजाऱ्यांना एकत्र करून बैठका घेतल्या आणि लॉरेन मिलर या कृष्णवर्णीय वकिलाने त्यांचा बचाव केला. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क याने तो भाग स्वतः पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दावा काढून टाकला. चौदाव्या घटनादुरुस्तीने दिलेले समानतेचे संरक्षण कृष्णवर्णीयांना निरपवादपणे मिळालेच पाहिजे, हा त्याच्या निर्णयाचा आशय होता. न्यायालये अशा अटींची अंमलबजावणी करू शकत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात दिला. त्याच्याशी संलग्न खटल्यातही मिलर वकील होता. शुगर हिलची वस्ती मात्र टिकली नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत सँता मोनिका द्रुतगती महामार्ग तिच्या मधूनच काढण्यात आला.

चित्रपटांतील काम ओसरल्यावर मॅक्‌डॅनिएल पुन्हा नभोवाणीकडे वळली. ब्यूला या विनोदी मालिकेतील कृष्णवर्णीय मोलकरणीचा आवाज आरंभी मार्लिन हर्ट हा गोरा पुरुष काढीत असे, यावरून त्या काळच्या प्रथांची कल्पना यावी. नोव्हेंबर १९४७ मध्ये ही भूमिका तिच्याकडे आली. संवाद बदलण्याचा अधिकार आणि विकृत बोली न वापरण्याची मुभा तिने करारात मागून घेतली. नभोवाणीवरील मालिकेत प्रमुख भूमिका करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय. मालिका दूरचित्रवाणीवर आल्यावर तेथेही १९५१ मध्ये तिला घेण्यात आले, परंतु काही भागांचे चित्रण होते न होते तोच ती आजारी पडली व तिची जागा लुईस बीव्हर्सने घेतली.

तिचे चार विवाह झाले. पहिले दोन्ही पती लवकर वारले आणि नंतरचे दोन विवाह घटस्फोटात संपले. तिला अपत्य नव्हते. महायुद्धाच्या काळात हॉलिवुड व्हिक्टरी कमिटीच्या कृष्णवर्णीय विभागाची ती अध्यक्ष होती आणि लष्करी छावण्यांत जाऊन तिने सैनिकांचे मनोरंजन केले. स्तनाच्या कर्करोगाने चित्रपट कलावंतांसाठी असलेल्या वुडलंड हिल्स येथील रुग्णालयात तिचे निधन झाले. तिची एकूण मालमत्ता दहा हजार डॉलरहून कमी भरली आणि करखात्याची मागणी त्याहून अधिक निघाली.

हॉलिवुड स्मशानभूमीत आपले दफन व्हावे, अशी तिची इच्छा होती. तेथे कृष्णवर्णीयांना जागा दिली जात नसे. म्हणून तिचे दफन रोझडेल स्मशानभूमीत झाले. हॉलिवुड स्मशानभूमीच्या नव्या मालकाने १९९९ मध्ये तिचे अवशेष तेथे आणण्याची तयारी दर्शविली. नातेवाइकांना थडगे हलविणे प्रशस्त वाटले नाही, तेव्हा तळ्याकाठी तिच्या नावाचा स्मारकस्तंभ उभारण्यात आला. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे चित्र असलेले तिकिट काढले. ऑस्करची पट्टिका तिने मृत्युपत्रान्वये वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाला दिली होती. ते कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे जुने केंद्र होय. विद्यापीठाच्या नाट्यविभागात ती काही काळ मांडून ठेवलेली होती. १९७० च्या सुमारास ती तेथून दिसेनाशी झाली आणि पुढे तिचा शोध लागला नाही. ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अकादमीने १ ऑक्टोबर २०२३ रोजी विद्यापीठाच्या आयरा ऑल्ड्रिज नाट्यगृहात तिच्याऐवजी दुसरी तशीच पट्टिका समारंभपूर्वक दिली.